मुंबई ते सॅन फ्रान्सिस्को: खरं अंतर किती, खरा वेळ किती, आणि तो घरबसल्या कसा काढायचा

मुलगी किंवा मुलगा बे एरियात, म्हणजे सॅन फ्रान्सिस्कोच्या आसपासच्या भागात, आणि आईबाबा पुणे, नाशिक, कोल्हापूर, ठाणे असे कुठेतरी, अशी घरं आता आपल्याकडे प्रत्येक सोसायटीत आहेत. तिकीट काढायची वेळ आली की पहिला प्रश्न ठरलेला, "किती तासांचा प्रवास आहे हो?" आणि उत्तरं काय मिळतात बघा. एकजण म्हणतो सोळा तास, दुसरा म्हणतो बावीस, तिसऱ्या काकू म्हणतात आम्हाला दीड दिवस लागला, आणि तिकिटावर बघावं तर पहाटे साडेचारला निघून त्याच दिवशी दुपारी पावणेदोनला पोचणार, म्हणजे नऊ तास! गंमत म्हणजे यातलं कुणीच खोटं बोलत नसतं, प्रत्येकजण वेगळी गोष्ट मोजत असतो.

आमच्या सोसायटीतल्या बऱ्याच जणांची तिकिटं बघून देताना हा गोंधळ मी इतक्यांदा पाहिलाय की आता सगळं एकदाच नीट लिहून ठेवते. पहिल्यांदा जाणाऱ्यांनी, आणि विशेषतः ज्यांच्या आईवडिलांना एकट्यानं जायचंय त्यांनी, हे तिकीट काढायच्या आधी वाचा. तिकीट काढून झाल्यावर फार काही बदलता येत नाही.

हाताशी काय लागेल

- एक कागद आणि पेन, खरंच. कालनिर्णयच्या जुन्या पानाची मागची बाजू असली तरी चालेल, पण मोबाईलमधे नको, सगळं एका नजरेत दिसायला हवं
- गूगल मॅप्स कॉम्प्युटरवर, किंवा ग्रेट सर्कल मॅपर नावाची वेबसाइट, अंतर काढायला
- गूगल फ्लाइट्स किंवा तसलीच साइट, वेळा बघायला
- फ्लाइटरडार२४ किंवा फ्लाइटअवेअर, विमान प्रत्यक्षात किती वेळात जातं ते बघायला
- घरात लहान मुलाचा पृथ्वीचा गोल असेल तर तो आणि एक दोरा

१. आधी विमानतळ नक्की करा, शहर नाही

अंतर दोन विमानतळांमधलं असतं. "मुंबई" म्हणून चालत नाही, कारण २०२५ च्या डिसेंबरपासून नवी मुंबईचा विमानतळही सुरू झालाय. मुंबईच्या जुन्या, सहारच्या विमानतळाचा कोड बीओएम, नवी मुंबईचा एनएमआय. तिकिटावरची ही तीन अक्षरं बघा. पुण्याहून येणाऱ्याला दोन्हींच्या रस्त्यात चांगलाच फरक पडतो आणि चुकीच्या विमानतळावर उतरलात तर मधे अख्खं शहर आणि ट्रॅफिक आहे. गोव्याचंही तेच, दाबोळी वेगळा आणि मोपा वेगळा, एक दक्षिणेकडे एक उत्तरेच्या टोकाला.

पलीकडेही तसंच. सॅन फ्रान्सिस्कोचा एसएफओ, सॅन होजेचा एसजेसी आणि ओकलंडचा ओएके, तिन्ही बे एरियातच. मुलं सनीवेल, सांता क्लारा, कूपरटिनोकडे राहत असतील तर सॅन होजे जास्त जवळ, पण भारतातून येणाऱ्यांच्या कनेक्शन बहुतेक एसएफओच्याच असतात आणि तिथून सनीवेल साधारण ४० किलोमीटर. इथे एक भयंकर सापळा आहे, कोस्टा रिकाच्या राजधानीचं नाव पण सॅन होजेच आहे आणि तिचा कोड एसजेओ. शेवटच्या एका अक्षरानं माणूस दुसऱ्या देशात जाईल, तेव्हा बुक करताना कोड मोठ्यांदा वाचून घ्या.

२. सरळ अंतर काढा

कॉम्प्युटरवर गूगल मॅप्स उघडा, मुंबई विमानतळावर राइट क्लिक करा, अंतर मोजायचा पर्याय येतो तो घ्या आणि मग सॅन फ्रान्सिस्को विमानतळावर क्लिक करा. किंवा ग्रेट सर्कल मॅपरवर दोन्ही कोड मधे डॅश देऊन टाका. उत्तर येतं साधारण १३,५०० किलोमीटर.

मैल दिसले तर गोंधळू नका. साधा मैल १.६०९ किलोमीटरचा, म्हणजे हे अंतर ८,४०० मैलांच्या आसपास. आणि वैमानिक वापरतात तो नॉटिकल मैल १.८५२ किलोमीटरचा, त्यात हेच अंतर सुमारे ७,३०० होतं. एका साइटवर ८,४०० आणि दुसरीवर ७,३०० बघून लोकांना वाटतं दुसरीकडे शॉर्टकट आहे, तर तसं काही नाहीये, फक्त माप वेगळं.

तुलनेसाठी, मुंबई ते न्यूयॉर्कजवळचं न्यूअर्क सुमारे १२,५५० किलोमीटर आहे. म्हणजे पूर्व किनारा आणि पश्चिम किनारा यांच्यात आपल्या बाजूनं फरक हजारेक किलोमीटरचाच, जरी अमेरिकेच्या आत ती दोन टोकं चार हजार किलोमीटर लांब असली तरी. हे ऐकून लोकांचा विश्वास बसत नाही. त्याचं कारण पुढच्या पायरीत.

३. नकाशावर नाही, गोलावर बघा

शाळेच्या भिंतीवरच्या नकाशात मुंबई उजवीकडे, अमेरिका डावीकडे, म्हणून आपल्याला वाटतं विमान अरबस्तान, युरोप, अटलांटिक असं डावीकडे जाणार. आता पृथ्वीचा गोल घ्या, दोऱ्याचं एक टोक मुंबईवर धरा, दुसरं सॅन फ्रान्सिस्कोवर, आणि दोरा ताणा. दोरा डावीकडे जात नाही की उजवीकडे जात नाही, तो सरळ वर जातो! दिल्लीच्या अगदी जवळून, हिमालयावरून, चीनच्या पश्चिम टोकावरून, सायबेरियातून, पार उत्तर ध्रुवाजवळच्या समुद्रावरून, आणि मग अलास्का आणि कॅनडाच्या किनाऱ्यानं खाली. सगळ्यात वर तो साधारण ७६ उत्तर अक्षांशाच्याही पुढे जातो. मुलांना हे करून दाखवा, आजीआजोबा कुठून येणार ते त्यांना एकदम कळतं.

यातून एक फार कामाची गोष्ट निघते. मुंबई ते दिल्ली सुमारे १,१४० किलोमीटर, दिल्ली ते सॅन फ्रान्सिस्को सुमारे १२,३८०. बेरीज करा, १३,५२०. म्हणजे दिल्लीमार्गे गेलं तर अंतर जवळजवळ वाढतच नाही, कारण दिल्ली त्या दोऱ्याखालीच आहे. दिल्लीमार्गे जायचं म्हटलं की लोक म्हणतात उगाच उलटं कशाला जायचं, पण ते उलटं नाहीये, वाटेतच आहे. जास्तीचा वेळ जातो तो दिल्लीला उतरून परत चढण्यात, उडण्यात नाही.

अर्थात विमान त्या दोऱ्यावरून तंतोतंत जात नाही हेही लक्षात ठेवा. तिबेटच्या पठारावरून प्रवासी विमानं शक्यतो टाळतात, कारण केबिनमधला हवेचा दाब गेला तर विमानाला पटकन दहा हजार फुटांवर खाली यावं लागतं आणि तिथली जमीनच चौदा-पंधरा हजार फूट उंच. शिवाय कुठल्या देशाचं आकाश कुणाला उघडं आहे हा वेगळाच विषय, तो पाचव्या पायरीत.

४. अंतराचे तास करा

घरगुती हिशोब असा: किलोमीटरला ८५० नं भागा आणि त्यात अर्धा तास मिळवा. मोठं विमान वर गेल्यावर ताशी ९०० च्या आसपास जातं, पण चढणं उतरणं धरून सरासरी कमी होते, आणि तो अर्धा तास धावपट्टीवरच्या रांगेचा वगैरे.

१३,५०० भागिले ८५० म्हणजे १५.९, अधिक अर्धा, साधारण १६ तास २० मिनिटं. नॉनस्टॉप फ्लाइटला खरोखर सोळा-सतरा तासच धरतात, म्हणजे हिशोब बरोबर बसतो. न्यूअर्कचं करून बघा, सव्वापंधरा तास येतील.

तिकिटावर जो वेळ असतो तो गेटपासून गेटपर्यंतचा असतो, हवेतला नव्हे. कंपन्या त्यात थोडी सैल जागा ठेवतात, म्हणून कधीकधी विमान अर्धा तास आधी पोचतं आणि घ्यायला येणारा अजून रस्त्यात असतो. खरा वेळ बघायचा असेल तर फ्लाइटरडार२४ वर तो फ्लाइट नंबर टाका, मागच्या काही दिवसांत ते विमान कधी उडालं कधी उतरलं सगळं दिसतं. रोज तासभर उशीर करणारी फ्लाइट असेल तर ती इथेच पकडली जाते. एवढं बघायला पाच मिनिटं लागतात पण बघत कुणीच नाही, मला याचंच वाईट वाटतं.

आणि एक, "डायरेक्ट" लिहिलेलं दिसलं की नॉनस्टॉप समजू नका. एकच फ्लाइट नंबर असतो पण मधे कुठेतरी इंधनासाठी किंवा प्रवासी घ्यायला विमान थांबतं, तरी त्याला डायरेक्ट म्हणतात. साइटवर "नॉनस्टॉप" हा फिल्टर वेगळा असतो तो लावा. या रूटवर नॉनस्टॉप सेवा चालू-बंद होत असते, म्हणून मागच्या वर्षी शेजारचे गेले तीच फ्लाइट आपल्याला मिळेल असं धरून चालू नका, तुमच्या तारखेला काय आहे ते बघा.

५. वारा आणि बंद आकाश

जाताना एक वेळ आणि येताना दुसरा, हे बघून बरेच जण साइट चुकली समजतात. साइट बरोबर असते. नऊ ते बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोराचे वारे वाहतात, त्यांना जेट स्ट्रीम म्हणतात, ताशी दीडशे किलोमीटरच्या वर सहज जातात आणि हिवाळ्यात अजून जोरात. विमान त्यांच्याबरोबर चाललं तर वेळ वाचतो, समोरून आलं तर वाढतो.

याचं सगळ्यात छान उदाहरण आपल्याच देशातलं आहे. एअर इंडियाची दिल्ली-सॅन फ्रान्सिस्को फ्लाइट आधी अटलांटिकवरून जायची, साधारण १३,९०० किलोमीटर. ऑक्टोबर २०१६ मधे त्यांनी ती पॅसिफिकवरून न्यायला सुरुवात केली, अंतर झालं साधारण १५,३००, म्हणजे चौदाशे किलोमीटर जास्त, तरी विमान साडेचौदा तासांत पोचलं! कारण वारा पाठीशी. म्हणून नुसतं अंतर बघून कुठली फ्लाइट लवकर पोचेल ते ठरवू नका.

ध्रुवावरूनही फ्लाइट गेलेली आहे. जानेवारी २०२१ मधे सॅन फ्रान्सिस्कोहून बंगळुरूला पहिली नॉनस्टॉप फ्लाइट आली ती उत्तर ध्रुवावरून, आणि कॉकपिटमधे सगळ्या बायका होत्या, कॅप्टन झोया अगरवाल यांच्या नेतृत्वाखाली, त्यात आपली आकांक्षा सोनवरे पण होती. मला ही गोष्ट सांगताना आजही फार अभिमान वाटतो.

आता बंद आकाश. २०२२ मधे युक्रेनचं युद्ध सुरू झाल्यापासून अमेरिकन आणि युरोपियन कंपन्या रशियावरून उडत नाहीत, भारतीय आणि आखाती कंपन्या उडतात. आणि एप्रिल २०२५ मधे पाकिस्ताननं भारतीय कंपन्यांच्या विमानांना आपलं आकाश बंद केलं, त्याचा फटका जास्त करून दिल्लीहून पश्चिमेला जाणाऱ्या फ्लाइट्सना बसला. म्हणजे त्याच दोन विमानतळांमधे एका कंपनीचं विमान वेगळ्या वाटेनं आणि दुसऱ्या कंपनीचं वेगळ्या वाटेनं जाऊ शकतं, आणि दोन वर्षांपूर्वीचे तास आज लागू होतीलच असं नाही. जुना अनुभव ऐका, पण वेळ आजची बघा.

६. कुठे थांबायचं ते ठरवा

बहुतेकांना एक स्टॉप घ्यावाच लागतो, आणि वयस्कर माणसांना सोळा तास सलग बसण्यापेक्षा तो बराही पडतो. मुख्य पर्यायांची अंतरं मी काढून ठेवलीत, सगळी साधारण आहेत:

- दिल्लीमार्गे: १,१४० अधिक १२,३८०, एकूण १३,५२०
- दुबईमार्गे: १,९२५ अधिक १३,०२०, एकूण १४,९५० च्या आत
- हाँगकाँगमार्गे: ४,२७० अधिक ११,१३०, एकूण १५,४००
- फ्रँकफर्टमार्गे: ६,५७० अधिक ९,१५०, एकूण १५,७२०
- सिंगापूरमार्गे: ३,९२० अधिक १३,५८०, एकूण १७,५००

बघा, सिंगापूरमार्गे चार हजार किलोमीटर जास्त. पण जाताना पॅसिफिकवर वारा पाठीशी असल्यानं सिंगापूर-सॅन फ्रान्सिस्को हिशोबापेक्षा तासभर लवकर होतं, येताना मात्र तोच वारा समोरून येतो आणि फ्लाइट लांबते. दुबईमार्गे पहिला टप्पा छोटा आणि दुसरा पावणेसोळा तासांचा, म्हणजे नॉनस्टॉपचा त्रास जवळपास तसाच राहतो. फ्रँकफर्टमार्गे दोन्ही टप्पे बऱ्यापैकी सारखे, नऊ तास आणि साडेअकरा तास. गुडघे दुखणाऱ्या, मधुमेहाच्या माणसांना मी हाच सांगते, मधे खऱ्या अर्थानं पाय मोकळे होतात.

मधला थांबा अडीच ते चार तासांचा घ्या. सव्वा तासाचं कनेक्शन कागदावर छान दिसतं पण पहिली फ्लाइट जरा लेट झाली की सगळं कोसळतं. आणि स्वस्त तिकिटात चौदा तासांचा थांबा लपलेला असतो, "१ स्टॉप" एवढंच मोठ्या अक्षरात, थांब्याचे तास बारीक अक्षरात. पैसे वाचतात खरे, पण सत्तरीच्या माणसाला रात्रभर लोखंडी खुर्चीवर बसवून ते वाचवू नयेत असं माझं स्पष्ट मत आहे.

स्टॉपबद्दल अजून तीन गोष्टी. पहिली, दोन्ही फ्लाइट एकाच पीएनआरवर हव्यात. वेगवेगळी तिकिटं जोडून स्वस्तात पडतं पण पहिली लेट झाली तर दुसरीवाल्याची काही जबाबदारी नाही. दुसरी, थांबा एकाच विमानतळावर आहे ना ते बघा, काही साइट एका विमानतळावर उतरवून त्याच शहरातल्या दुसऱ्या विमानतळावरून पुढची फ्लाइट दाखवतात, न्यूयॉर्क आणि लंडनला हे हमखास होतं. तिसरी, अमेरिकेतच स्टॉप असेल, म्हणजे समजा न्यूअर्कला उतरून पुढे सॅन फ्रान्सिस्को, तर इमिग्रेशन न्यूअर्कलाच होतं, बॅगा तिथे घ्याव्या लागतात, कस्टम्समधून काढून परत द्याव्या लागतात. त्यासाठी तीन तास तरी ठेवाच. अबू धाबीचं उलटं आहे, तिथे अमेरिकेचं इमिग्रेशन विमानात चढायच्या आधीच होतं, म्हणून तिथे थांबा जरा जास्त लागतो पण अमेरिकेत उतरल्यावर रांग नाही.

७. सगळं एकाच घड्याळात लिहा

ही पायरी सगळ्यात महत्त्वाची आहे. तिकिटावर प्रत्येक वेळ त्या त्या गावची असते. मुंबईची मुंबईची, दुबईची दुबईची. म्हणून वजाबाकी करून उत्तर चुकतं.

कागदावर दोन रकाने आखा, डावीकडे "तिकिटावर", उजवीकडे "आपली वेळ". फरक असे: दुबई आपल्यापेक्षा दीड तास मागे. सॅन फ्रान्सिस्को उन्हाळ्यात साडेबारा तास मागे, हिवाळ्यात साडेतेरा तास मागे. अमेरिकेतली घड्याळं मार्चच्या दुसऱ्या रविवारी एक तास पुढे जातात आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी परत मागे. युरोपातली मार्चच्या आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी. मधले जे दिवस असतात, मार्चमधे दोन-तीन आठवडे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरमधे एक, तेव्हा युरोपमार्गे जाणाऱ्यांचा थांबा तासाभरानं कमीजास्त होऊ शकतो, म्हणून मार्च आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरची तिकिटं असतील तर निघायच्या आधी वेळा परत बघा.

समजा उन्हाळ्यातलं असं तिकीट आहे. शुक्रवारी पहाटे ४.३० ला मुंबई, दुबईला सकाळी ६.००, दुबईहून ८.५०, सॅन फ्रान्सिस्कोला दुपारी १.४०. आता आपल्या घड्याळात:

मुंबईहून निघालो शुक्रवारी पहाटे ४.३०.
दुबईला उतरलो सकाळी ७.३०, म्हणजे तीन तास.
दुबईहून निघालो सकाळी १०.२०, थांबा दोन तास पन्नास मिनिटं.
सॅन फ्रान्सिस्कोला उतरलो शनिवारी पहाटे २.१०, म्हणजे पंधरा तास पन्नास मिनिटं.

एकूण एकवीस तास चाळीस मिनिटं. तिकिटावर दिसत होते नऊ तास दहा मिनिटं. बाकीचे साडेबारा तास घड्याळातच लपले होते. हा कागद फ्रिजवर लावून ठेवा, घरी राहिलेल्यांना मधे मधे बघता येतो, "आत्ता दुबईला असतील" असं.

औषधं पण याच उजव्या रकान्यात लिहा. बीपीची, शुगरची गोळी आपल्या घड्याळाप्रमाणे कधी घ्यायची आणि तिकडे गेल्यावर कधीपासून तिकडच्या वेळेनं, हे निघायच्या आधी डॉक्टरांना हा कागद दाखवून विचारून घ्या. इन्सुलिन घेणाऱ्यांनी तर नक्कीच.

८. मध्यरात्रीची तारीख

आपल्या बोलण्यात "बारा तारखेची रात्र" म्हणजे बाराला जेवून झोपल्यानंतरची रात्र. तिकिटाला हे कळत नाही. तिकिटावर १२ तारीख, रात्री २.३० असेल तर ते विमान ११ तारखेला रात्री जेवण झाल्यावर पकडायचं आहे, १२ ला रात्री गेलात तर ते कालच गेलेलं असतं. मुंबईहून परदेशी जाणारी बरीच विमानं मध्यरात्रीनंतरच सुटतात, त्यामुळे हा प्रकार दर काही दिवसांनी कुणाच्या तरी घरात होतो. उपाय सोपा, कॅलेंडरवर फ्लाइटच्या तारखेवर खूण करूच नका, घरातून निघायच्या दिवसावर खूण करा आणि तिथे वाराचं नाव लिहा. "गुरुवारी रात्री आठला घरातून" असं. टॅक्सीवाल्यालाही असंच सांगा.

९. दारापासून दारापर्यंत

आता पुण्यातल्या माणसाचा पूर्ण हिशोब. आंतरराष्ट्रीय फ्लाइटला तीन तास आधी पोचायचं, म्हणजे वरच्या उदाहरणात रात्री दीडला सहारला हजर. पुण्याहून दीडशे-एकशेसाठ किलोमीटर, एरवी साडेतीन-चार तास, पण खंडाळ्याच्या घाटात एखादा कंटेनर आडवा झाला की काही खरं नाही. म्हणून गुरुवारी रात्री आठलाच निघा, लवकर पोचलात तर बसायला जागा आहे.

पलीकडे १.४० ला विमान टेकलं की बाहेर यायला, गेट, इमिग्रेशन, बॅगा, कस्टम्स मिळून दीड-दोन तास धरा, मग सनीवेलपर्यंत गाडीनं पाऊण-एक तास. संध्याकाळी साडेचारला मुलीच्या दारात. आपल्या घड्याळात तेव्हा शनिवारची पहाट, पाच वाजलेत. गुरुवार रात्री आठ ते शनिवार पहाटे पाच, तेहतीस तास!

म्हणून काकू "दीड दिवस" म्हणतात ते अगदी बरोबर आहे. आणि आईबाबांना आधी सांगायचा आकडा हाच, तेहतीस. सोळा तास सांगून पाठवलं की विसाव्या तासाला माणूस घाबरतो, आपल्याला काहीतरी चुकलं की काय वाटतं. तेहतीस सांगितलं तर तयारीनं जातो.

१०. कागद आणि बाकी तयारी

हे सगळं हातातल्या बॅगेत, सूटकेसमधे नाही:

- पासपोर्ट आणि त्यावरचा अमेरिकेचा व्हिसा. व्हिसा जुन्या पासपोर्टवर असेल तर दोन्ही पासपोर्ट
- जायचं आणि यायचं तिकीट, छापलेलं
- मुलांचा पूर्ण पत्ता आणि फोन नंबर, कागदावर, मोठ्या अक्षरात
- प्रवासाच्या विम्याचा कागद
- औषधं मूळ पाकिटांत आणि सोबत डॉक्टरांची चिठ्ठी, दोन-तीन दिवसांची जास्त
- तो दोन रकान्यांचा कागद

युरोपात स्टॉप असेल तर तिथल्या ट्रान्झिट व्हिसाचा नियम बुकिंगआधी त्या देशाच्या सरकारी साइटवर बघा. व्हॅलिड अमेरिकन व्हिसा असला की बहुतेक ठिकाणी सूट असते, पण परत येतानाही तो व्हॅलिड असेल ना ते तपासा.

इंग्रजीची किंवा चालण्याची अडचण असेल तर व्हीलचेअर मागा, किमान ४८ तास आधी, आणि दोन्ही टप्प्यांसाठी नोंदली गेलीय का ते फोन करून विचारा. यात लाज कसली. कनेक्शनच्या विमानतळावर एका टोकाहून दुसऱ्या टोकाला जायला अर्धा तास चालावं लागतं.

पॉवर बँक हातातल्या बॅगेतच, सूटकेसमधे चालत नाही. खायचं काही नेत असाल तर अमेरिकेच्या कस्टम्सला खरं सांगा. ताजी फळं, भाज्या, बियाणं, मांस नेऊ नका. लाडू-चिवडा विचारलं तर आहे म्हणून सांगायचं, सांगितलं तर दंड होत नाही, लपवलं तर होतो.

११. विमानातले तास

घड्याळ दुबईला बदलू नका. एका घड्याळात आपली वेळ राहू दे आणि मोबाईलमधे तिकडची. समोरच्या स्क्रीनवर नकाशा लावा, त्यात किती किलोमीटर राहिले, किती वेळ राहिला, बाहेरचं तापमान उणे पन्नास वगैरे सगळं दिसतं. कधीकधी त्यावर विमान वर वर जाताना दिसतं आणि माणूस घाबरतो की हे चुकीच्या दिशेला चाललंय, त्यांना दोऱ्याची गोष्ट आठवू दे.

चार तासांपेक्षा जास्त बसलं की पायात रक्ताची गुठळी व्हायचा धोका वाढतो, म्हणून दर दीड-दोन तासांनी उठा, मागच्या पँट्रीपर्यंत जाऊन या, बसल्या बसल्या घोटे फिरवा. आयल सीट घ्या, खिडकी नातवंडांना. आधी कधी गुठळी झाली असेल किंवा नुकतं ऑपरेशन झालं असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय निघू नका. पाणी पीत राहा, बाथरूमला जावं लागेल म्हणून कमी पिणारे फार असतात, ते करू नका.

पोचल्यावर दिवस असेल तर झोपू नका, उन्हात चालून या, रात्री नऊपर्यंत कसंबसं जागा. तरी आठवडाभर पहाटे तीनला जाग येणारच, दिवसाची रात्र झालेली असते, शरीराला वेळ द्या. पहिल्या दोन दिवसांत मुलांनी लांबचं फिरणं ठेवू नये.

१२. परतीचा हिशोब वेगळा करा

जाताना तारीख बदलली नाही, येताना ती दोनदा बदलते. समजा शुक्रवारी दुपारी ३.४५ ला सॅन फ्रान्सिस्कोहून निघाले, दुबईला शनिवारी संध्याकाळी ६.३०, तिथून रात्री १०.००, आणि मुंबईला रविवारी पहाटे २.३०. शुक्रवार ते रविवार! प्रत्यक्ष प्रवास सव्वाबावीस तासांचाच, पण न्यायला येणाऱ्याला नुसतं "शुक्रवारी निघतोय" म्हणून सांगितलं तर तो शनिवारी सहारला जाऊन उभा राहतो. त्याला फ्लाइट नंबर द्या आणि सांगा, शनिवारी रात्री नऊला पुण्याहून निघ, म्हणजे घाटात अडकलास तरी वेळेत पोचशील. निघताना फ्लाइटरडार२४ वर बघून घे विमान दुबईला उतरलंय का, आणि दुबईहून सुटायची वेळ आपल्याकडे रात्री साडेअकराची, म्हणजे तू वाटेत कुठेतरी चहाला थांबलेला असशील तेव्हा परत एकदा बघ.